मझल कशी गेली

हॉस्पिटलच्या सिस्टरने मला सांगितलं की माझी बायको मझल शांतपणे गेली. मी बस गॅरेजमधून तसाच धावत आलो होतो. अंगावर कामाचे कपडे, हाताला ग्रीस. सिस्टरने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाली, त्रास असा काही झाला नाही, झोप लागावी तशी गेली. मी तिचे आभार मानले. त्या वेळी तेवढं मला पुरलं.

दफन झालं. रीतीप्रमाणे आम्ही सात दिवस घरात खाली बसलो. आमची एकुलती मुलगी हदासा ग्लासगोहून आली होती. ती तिथल्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकते. परत जायच्या आदल्या दिवशी ती भांडी विसळत होती आणि मी पुसत होतो. मी म्हणालो, एक तरी बरं झालं बेटा, तुझी आई शांतपणे गेली.

हदासा बशी हातात धरून थांबली.

"पप्पा, ते आम्ही सगळ्यांनाच सांगतो," ती म्हणाली. "तसंच सांगायला शिकवतात आम्हाला."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. घाईने म्हणाली, पण आईचं खरंच तसं असेल. मी म्हणालो, असेल. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून आलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत असं आहे की माणूस जाताना त्याच्या तोंडी शेमा असावा. 'ऐक, हे इस्राएल, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे', एवढीच ती प्रार्थना. शुद्ध असेल तर माणसाने स्वतः म्हणावी, नसेल तर जवळच्याने कानात म्हणावी. मझल लहानपणी चेऊलला वडिलांकडून शिकली आणि पुढे आयुष्यभर झोपण्याआधी म्हणत आली. शेवटी तिने ती म्हटली का, तिला भान होतं का, तिला दुखत होतं का, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तिथे नव्हतो. दुपारी वॉर्डात नवऱ्यालाही सोडत नसत, भेटायची वेळ संध्याकाळची.

त्या दुपारी तिच्याजवळ एकच माणूस होतं, आमच्या शेजारची मिस लॅथम. तिच्या चॅपेलतर्फे ती आजाऱ्यांना बायबल वाचून दाखवायला जायची, म्हणून तिला दुपारीही आत सोडत. आणि मिस लॅथम खोटं बोलत नाही.

आम्ही लंडनला ईलिंगच्या या गल्लीत राहायला आलो त्या वर्षी मझलने तिला पुरणपोळी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी विचारलं, कशी झाली होती? मिस लॅथम म्हणाली, फार गोड होती, मी अर्धी पाखरांना घातली. मझल घरी येऊन पोट धरून हसली. बाकीचे शेजारी 'लव्हली' म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. "अहो, एक तरी खरं बोलणारं माणूस भेटलं आपल्याला," मझल म्हणाली, आणि तेव्हापासून दोघींचं जमलं.

मिस लॅथमचं वय सत्तरीच्या पुढे. लग्न केलेलं नाही. तिच्या आणि आमच्या घराला भिंत एकच. तिचे लोक म्हणजे या देशातले जुने कडक लोक. तीनशे वर्षांपूर्वी त्यांना प्युरिटन म्हणून हिणवायचे, असं तिने मझलला सांगितलं होतं. राजाने ठरवून दिलेल्या पुस्तकातून प्रार्थना करणार नाही म्हटलं म्हणून तिच्या कुणा पूर्वजाला तुरुंगात टाकलं होतं. ते ती कालपरवा घडल्यासारखं सांगायची. तिच्या घरात एक चित्र नव्हतं, क्रूससुद्धा नव्हता. ख्रिसमसला सगळ्या गल्लीत दिवे लागायचे आणि हिच्या खिडकीत अंधार. ख्रिसमस करा असं बायबलात कुठे लिहिलंय, म्हणायची. टीव्ही नाही, पत्ते नाहीत, नशीब हा शब्दही नाही. जे होतं ते देवाने ठरवलेलं असतं, त्यात नशीब कुठून आलं? आता माझ्या बायकोच्या नावाचा अर्थच नशीब. ते कळल्यावर मिस लॅथमने बराच विचार केला आणि पुढे ती तिला 'मिसेस रोहेकर' एवढंच म्हणू लागली.

नावांची मात्र मझलला गंमत वाटायची. मिस लॅथमचं नाव डेबोरा, वडील एझ्रा, भाऊ ओबादिया. मझल म्हणायची, नावं तर आमचीच, हे सगळे आमच्या अलिबागच्या बाजाराला निघालेत असं वाटतं.

शब्बाथ म्हणजे काम न करायचा पवित्र दिवस. शनिवार आमचा, रविवार तिचा. शनिवारी मझल विस्तव पेटवत नसे, तर मिस लॅथम येऊन आमचा गॅस पेटवून जायची. मझलला वाटलं, आपणही तिच्यासाठी काही करावं. एका रविवारी ती तिची भांडी घासायला गेली. मिस लॅथमने दारातच अडवलं. आज्ञेत लिहिलंय, म्हणाली, तुझ्या दाराच्या आत आलेल्या परक्यानेही त्या दिवशी काम करू नये.

"मग शनिवारी तुम्ही माझ्या दाराच्या आत येऊन गॅस पेटवता, त्याचं काय?" मझलने विचारलं.

"त्याचं उत्तर तुम्हाला द्यायचंय, मिसेस रोहेकर. मला नाही."

मझलने ही गोष्ट ओळखीच्या प्रत्येकाला सांगितली. पण त्यानंतर रविवारी कपडे वाळत घालायचं मात्र तिने बंद केलं. मिस लॅथम काही बोलली नव्हती, नुसती पडदा ओढून घ्यायची.

रोज संध्याकाळी मिस लॅथम सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसून दिवसभरात आपलं काय चुकलं ते तपासायची. त्या वेळी दार वाजवलं तर उघडायची नाही. मझल म्हणायची, हिचं चुकतं तरी काय, दिवसभर एकटी तर असते.

मझलच्या पोटात गाठ निघाली आणि ती हॉस्पिटलात गेली, तेव्हा मिस लॅथम रोज दुपारी तिच्याकडे जाऊ लागली. ती स्तोत्रं वाचायची. दावीदची स्तोत्रं आमचीही आणि त्यांचीही. मझल मला संध्याकाळी सांगायची, आज कुठलं वाचलं ते. मला बरं वाटायचं. कुणीतरी आहे तिच्याजवळ, एवढं पुष्कळ होतं.

मझल गेली आणि मिस लॅथम मला टाळू लागली. दफनाला आली, दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहिली आणि आमची प्रार्थना सुरू झाल्यावर निघून गेली. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करणं त्यांच्यात नाही. ते मी समजू शकत होतो. पण शनिवारी गॅस पेटवायला यायची तीही माझ्याकडे न बघता. हदासा गेल्यावर मी एकदा तिला म्हणालो, त्या दुपारी तुम्ही होतात ना? ती म्हणाली, होते. आणि गेली. खोटं बोलायचं नसेल तर माणूस असंच करणार, हे मला तिथेच कळलं.

मी मनाशेला हे सांगितलं. मनाशे माझा बेलापूरपासूनचा मित्र, आता हॅरोला राहतो, टपाल खात्यात आहे. लंडनमध्ये आमची मोजकी मराठी घरं आहेत, ती तोच धरून ठेवतो. दफनाची सगळी व्यवस्था त्यानेच केली होती. तो ऐकून घेत होता तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

"अरे योना, ती बाई गप्प का आहे तुला कळत नाही? त्या लोकांना आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते. शेवटच्या घटकेला तिच्या तोंडून ख्रिस्ताला हो म्हणवून घेतलं असेल."

मी म्हणालो, मझल हो म्हणणार नाही. तो म्हणाला, त्या इंजेक्शनांच्या गुंगीत माणूस कशालाही हो म्हणतो. मग जरा नरमला. म्हणाला, महिन्याच्या प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष मी जमवतोय, त्याआधी तू काय ते विचारून घे. तसं काही निघालं तर तो तुझा एकट्याचा प्रश्न नाही, तिला आपल्या लोकांच्या दफनभूमीत ठेवलंय. मी त्याच्यावर चिडलो. पण घरी येईपर्यंत तो संशय माझाही झाला होता. माझ्या बायकोने आयुष्यभर जे धरलं ते शेवटी सुटलं का, आणि कुणी सोडवलं, हे कळल्याशिवाय मला तिची प्रार्थना म्हणता येणार नव्हती.

मी रविवारी तिच्या चॅपेलला गेलो. स्टेशनच्या मागे विटांची खोली आहे, गोदामासारखी. खिडक्यांना साधी काच, भिंतीवर काही नाही, बाजा नाही. पंधरावीस म्हातारी माणसं काळ्या कपड्यांत बसलेली. मला पाहून कुणी हसलं नाही की कुणी भुवया वर केल्या नाहीत, एकाने फक्त बाकावर जागा करून दिली. स्तोत्र म्हणताना एक जण ओळ सांगायचा आणि बाकीचे ती ओढत म्हणायचे. मग प्रवचन, फार लांब. देवाने जग निर्माण करण्याआधीच कुणाला तारायचं ते ठरवलंय, माणसाच्या चांगुलपणाने त्यात काही बदल होत नाही, असं तो माणूस शांतपणे सांगत होता. लोक ऐकत होते. माझ्या पुढच्या बाकावरची एक बाई हातमोजा मुठीत आवळून बसली होती. मला वाटलं, इतक्या भीतीत ही माणसं रोज जेवतात कशी?

बाहेर पडल्यावर मी मिस लॅथमच्या बरोबरीने चालू लागलो. तिने नाही म्हटलं नाही.

मी म्हणालो, मला एक विचारायचंय, पण तुमचा आज शब्बाथ आहे.

"आज मी इतर काही बोलत नाही," ती म्हणाली. "हे बोलता येईल."

तिच्या स्वयंपाकघरात बसलो. आदल्या दिवशी उकडलेले बटाटे ताटाखाली झाकून ठेवले होते. चहा तिने विचारला नाही, रविवारी ती किटली ठेवत नाही. मी सरळच विचारलं, तुम्ही तिला तुमच्यात घेतलंत का?

तिला राग आला नाही. उलट तिला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

"मिस्टर रोहेकर, आम्ही कुणाला घेऊ शकत नाही. ते माणसाच्या हातात नाही. मला घेतलंय की नाही, हेच मला माहीत नाही."

"मग तुम्ही मला का टाळता?"

"तुम्ही विचाराल म्हणून. ती कशी गेली ते."

मी म्हणालो, विचारतोय.

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. काही गाळलं नाही. दुपारची जेवणं होऊन गेली होती. मझल झोपली होती, ती एकदम जागी झाली. तिला कळलं होतं. पलंगाच्या कडेची लोखंडी दांडी तिने दोन्ही हातांनी धरली आणि उठायला बघू लागली. नर्स इंजेक्शन आणायला गेली. मझलचे डोळे मोठे झाले होते आणि ती ओरडत होती.

"काय म्हणत होती?"

"एकच शब्द, तुमच्या भाषेतला. मी तिला तिसरा कप ओतायला लागले की म्हणायची तो. नको."

मी विचारलं, एकदाच?

"नको, नको, असं पुष्कळ वेळा," मिस लॅथम म्हणाली. "मग आवाज गेला. नर्स आली तेव्हा संपलं होतं."

मी शेमाचं विचारलं. ती म्हणाली, नाही. ते शब्द मला माहीत आहेत, मिसेस रोहेकरने मला म्हणून दाखवले होते. मी त्यांचीच वाट पाहत होते. तिने म्हटले असते तर मी ओळखले असते.

"वाट पाहत होता म्हणजे?"

मग तिने सांगितलं की तिच्या लोकांत माणूस जाताना जवळचे लोक नीट लक्ष देऊन बसतात. तो शेवटी काय बोलतो, भितो की निवांत असतो, त्यावरून देवाने त्याला जवळ केलंय का याची काही खूण मिळते. मिळतेच असं नाही. तिची आई हसत गेली होती. वडील भिंतीकडे तोंड करून, एक शब्द न बोलता गेले, आणि त्याला चाळीस वर्षं झाली तरी मिस लॅथमला त्यांच्याबद्दल काही ठरवता आलेलं नाही. मझलजवळ ती तशीच बसली होती. खुर्ची थोडी मागे घेऊन, चेहरा दिसेल अशी. ती ऐकत होती.

मी विचारलं, "तुम्ही तिचा हात धरलात का?"

"नाही."

"ती घाबरली होती ना?"

"हो. फार."

"आणि तुम्ही बघत बसलात."

"हो," ती म्हणाली. "ती माझी मैत्रीण होती, आणि मी खूण शोधत बसले. हात धरायचं मला सुचलं नाही. नर्स आली, तिने पहिल्यांदा तेच केलं, तेव्हा मला कळलं. पण तोवर हातात जीव नव्हता."

बाहेर एक बाई मुलाला हाका मारत गेली. मिस लॅथम म्हणाली, "मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल. मग मला बरं वाटेल, आणि ते बरोबर होणार नाही."

मी उठलो. तिला काहीतरी लागेल असं बोलावं असं फार वाटलं, पण तिने स्वतःच सगळं बोलून ठेवलं होतं. मी दार ओढून घेतलं आणि घरी आलो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गॅरेजमध्ये एखादं इंजिन उघडून ठेवायचो आणि काय करायला घेतलं ते विसरायचो. फोरमनने एकदा विचारलं, घरी जातोस का? पण घरी काय होतं? मला सिस्टरचं ते वाक्य परत हवं होतं. ते खोटं असलं तरी त्याच्यावर झोप लागत होती. आता डोळे मिटले की ती लोखंडी दांडी दिसायची. येत्या शनिवारी येऊ नका, असं मी मिस लॅथमला सांगून टाकलं. तिने मान हलवली. शनिवारी मी थंडीत बसून राहिलो.

महिन्याची प्रार्थना रविवारी दुपारी आमच्या घरी होती. मनाशेची बायको रेचल सकाळीच आली आणि तिने मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, पाकिटातलं सुकं खोबरं, वर केळ्याचे आणि सफरचंदाचे काप. हदासा सुट्टी काढून आली होती. माणसं जमली. कुणी साउथॉलहून, कुणी पार ल्यूटनहून. कोट काढून ठेवताना सगळे हळू आवाजात बोलत होते, जशी माणसं अशा घरी बोलतात.

प्रार्थनेचं पुस्तक उघडण्याआधी मनाशेने मला खिडकीशी बोलावलं आणि विचारलं, विचारलंस का? मी म्हणालो, हो. तसं काही झालेलं नाही. त्याने डोळे मिटून देवाचे आभार मानले. मग तो सगळ्यांकडे वळला. त्याला चांगलंच करायचं होतं. म्हणाला, आपली मझल शेवटपर्यंत आपलीच होती, ओठावर शेमा घेऊन गेली. खोलीत एक बरं वाटल्याचा आवाज झाला. दोघातिघांनी आमेन म्हटलं.

मी गप्प राहिलो असतो तर तिथेच संपलं असतं. हदासा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "तिने शेमा म्हटला नाही. तिला फार भीती वाटली. ती नको, नको म्हणत गेली."

मनाशेचा चेहरा लाल झाला. तो माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "हे सगळ्यांसमोर सांगायची गरज होती का रे?" मी म्हणालो, मला माहीत नाही, पण तू तिच्याबद्दल दुसरंच काही सांगत होतास. त्याने पुस्तक उघडलं. मी गेलेल्या माणसासाठी म्हणतात तो कद्दीश म्हटला, आवाज मध्येच गेला, तेव्हा बाकीच्यांनी पुढे नेला. मलिदा फारसा कुणी खाल्ला नाही. लोक लवकर निघाले. रेचल भांडी आवरताना माझ्या पाठीमागे उभी राहून म्हणाली, "योनाभाऊ, माझी आईसुद्धा ओरडतच गेली. मी कुणाला सांगितलं नाही." आणि कोट घालून नवऱ्यामागे निघाली.

हदासा आणि मी राहिलो. ती बराच वेळ टेबलावरचे पोह्यांचे कण बोटाने गोळा करत होती. मग तिने विचारलं, आईने माझं नाव घेतलं का? मी म्हणालो, नाही.

"तुमचं?"

"कुणाचंच नाही."

ती रडली नाही. म्हणाली, वॉर्डमध्ये गेल्या आठवड्यात एक म्हातारी गेली, मी तिच्या नवऱ्याला सांगितलं, शांतपणे गेली. तो मला थँक यू म्हणाला. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू, पप्पा?

मी फडकं आणलं आणि उरलेले कण पुसून घेतले.

संध्याकाळ झाली होती. हदासा उठली, तिने कार्डिगन घातलं आणि म्हणाली, मी शेजारी जाऊन येते. मला तिच्या तोंडून ऐकायचंय.

मी म्हणालो, "ती जे झालं तेच सांगेल. एक शब्द कमी नाही करायची. पाहिजे असेल तरच जा."

"पाहिजे," ती म्हणाली.

शेजारचं दार वाजलेलं मी ऐकलं. ही मिस लॅथमची खुर्चीत बसायची वेळ होती, आणि या वेळी ती कुणालाच दार उघडत नाही. मी भिंतीशी उभा राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं. मग कडी निघाल्याचा आवाज आला.